नुसतं बघायचे पैसे

बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण डोकं जागेवर नव्हतं. आज लिहितोय तेही जरा तावातावानेच. हे वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींपैकी काहींना यातलं काही लागेल. लागू दे. सगळ्यात जास्त कोणाला लागलंय ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेलच.

गेल्या महिन्यातली गोष्ट. लेकीला सकाळच्या क्लासला सोडायला निघालो होतो. आमच्या फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडावा लागतो. अर्धा रस्ता ओलांडला, दुभाजकाच्या फटीत थांबलो, डावीकडे बघितलं. ट्रक बराच लांब होता. पहिला गिअर टाकला, क्लच सोडत मूठ पिळली. गाडी हातभर पुढे गेली आणि 'हुप्प' असा आवाज करून गप्पच झाली. बंद पडली नाही, पण पुढेही जाईना. एक सेकंद, फार तर दीड सेकंद. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी बाजूच्या लेनमध्ये घेतली. मग आमची गाडी एकदम उसळली आणि आम्ही पलीकडे पोचलो.

लेकीने माझा शर्ट पाठीमागून मुठीत धरला होता, तो क्लासपर्यंत सोडला नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "बाबा, ही परत असं करणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि चारच दिवसांपूर्वी त्या गाडीत नवाकोरा कार्बोरेटर बसवला होता!

गाडी म्हणजे आबांची हिरो होंडा स्प्लेंडर. १९९९ची. इंजिन ९७.२ सीसीचं. आबा तिच्यावरून शाळेत शिकवायला गेले, आईला दवाखान्यात घेऊन गेले, मी तिच्यावर शिकलो आणि दोनदा पडलो. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. ती २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा झाली. चेसिस शाबूत आहे, ब्रेक लागतात, इंजिन धूर काढत नाही. दुखणं फक्त एकच. थांबलेली गाडी निघताना मूठ पिळली की आचका द्यायची. आपल्याकडे याला 'मिसिंग मारते' म्हणतात, 'पिकअप घेत नाही' म्हणतात, 'गुदमरते' म्हणतात. तिन्ही शब्द एकाच दुखण्याला वापरतात, खरं तर तीन वेगळी दुखणी आहेत. पण त्याकडे नंतर येतो.

या प्रकारानंतरच्या रविवारी बहिणीकडे जेवायला होतो. विषय निघालाच. दाजी म्हणाले, "भंगारात घाला आता. पोरीच्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?" मामा म्हणाले, "इलेक्ट्रिक घे, कटकटच नाही." काकू म्हणाल्या, "आबांचा जीव अडकलाय म्हणून ठेवलीय, नाहीतर कोण ठेवतंय?" आबा ताटात बघत भात कालवत राहिले.

आता माझं म्हणणं ऐका. दाजी, तुमची काळजी खरी आहे. त्या सकाळी जे झालं ते परत होणार असेल तर गाडी घरात ठेवणं हा गुन्हाच आहे. पण 'गाडी जुनी झाली' हे काही दुखण्याचं नाव नव्हे. गाडीला नेमकं काय झालंय ते शोधायच्या आधीच आपण सगळे निकाल देऊन मोकळे होतो. कोणी म्हणतो भंगार, कोणी म्हणतो नवा कार्बोरेटर. दोघांनीही गाडीकडे बघितलेलं नसतं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

आधी मी काय काय केलं ते सांगतो.

पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. म्हणालो, "भाऊ, गाडी मिसिंग मारतेय, बघा जरा." त्याने स्टार्ट करून दोनदा रेस दिली, म्हणाला प्लग गेलाय. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. ४८० रुपये. आचका तसाच.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथेही तेच वाक्य म्हणालो. त्याने कार्बोरेटर उतरवला, खोलला, साफ केला, आत नवीन किट टाकलं. ६५० रुपये. दोन दिवस बरी वाटली. का बरी वाटली तर त्याने आयडलिंगचा स्क्रू पिळून ठेवला होता. गाडी उभी असतानाच इतकी घोंघावत होती की आचका त्या आवाजात लपून गेला. ताप आलेल्या माणसाच्या अंगावर चांगलं पांघरूण घालावं तसं.

तिसऱ्या ठिकाणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा, पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच. मी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्याने पान्याला हातच लावला नाही. विचारलं, "मिसिंग म्हणजे काय करते?" मी म्हणालो, झटका देते. "कधी? निघताना, का चालती असताना?" निघताना. "पूर्ण मूठ पिळली तर?" मग पळते. "सकाळी गार असताना करते का, तापल्यावर?" इथे मी थांबलो. आठवून म्हणालो, सकाळी चोक ओढलेला असेपर्यंत गुणी असते, चोक आत ढकलला की सुरू होतं. त्याने मान हलवली. "रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येतो का रेंगाळतो?" रेंगाळतो. "ॲव्हरेज वाढवून घेतलंय का कोणाकडून?" मी गप्प. कारण घेतलं होतं!

मग त्याने मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावली, बाजूच्या हाउसिंगवर पेनाने रेघ मारली, आणि पट्टीवर चार खुणा केल्या. बंद, पाव, अर्धी, पाऊण. म्हणाला, चालवून या आणि नेमक्या कुठल्या खुणेला आचका देते ते बघा. मी बघून आलो. बंद ते पाव यांच्यामध्येच. अर्ध्याच्या पुढे काहीही तक्रार नाही.

मग त्याने गाडी चालू ठेवून चोक अर्धा ओढला आणि हळूच मूठ पिळली. आचका गायब! चोक आत ढकलला, पुन्हा आचका. तो म्हणाला, "कार्बोरेटर ठीक दिसतोय. कुठून तरी जास्तीची हवा ओढतेय. उद्या गाडी ठेवून जा, शोधून देतो. आत्ता बघायचे दोनशे रुपये."

आणि मंडळी, मी काय म्हणालो माहितेय? "अहो, काही बदललं नाही, काही खोललं नाही, नुसतं बघायचे पैसे?" हुज्जत घालून शंभर रुपये त्याच्या हातावर टेकवले आणि निघालो. सरळ दुसऱ्या गॅरेजमध्ये परत गेलो. तो म्हणाला, "साहेब, कार्बोरेटरच गेलाय, नवीन टाकू." टाक म्हणालो. २२०० रुपये, एकदाही हुज्जत न घालता दिले. डब्यातून निघालेली चकचकीत वस्तू डोळ्यांना दिसत होती ना!

त्यानंतर चौथ्या दिवशी महामार्गावरचा तो ट्रक.

आता त्या मिस्त्रीने काय केलं होतं ते समजून घेऊ. कारण त्यात जादू काही नाही, आणि ते ज्याला त्याला करता येतं.

कार्बोरेटरचं काम हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळायचं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण पातळ, 'लीन'. पेट्रोल जास्त झालं की 'रिच'. आता मूठ पाव पिळलेली असताना आणि पूर्ण पिळलेली असताना इंजिनाची भूक सारखी नसते. म्हणून आपल्या जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल यायच्या वेगवेगळ्या वाटा असतात. मूठ बंद ते साधारण अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या कडेला दिलेला उतार. पाव ते पाऊण, स्लाइडला लटकणारी सुई. पाऊण ते पूर्ण, मेन जेट. या वाटा एकमेकींत थोड्या मिसळतात, पण कुठल्या टप्प्यावर कोणाचं राज्य हे ठरलेलं आहे.

म्हणजे मुठीवरची चिकटपट्टी हा नकाशा आहे. आचका पूर्ण मूठ पिळल्यावर येत असेल तर मेन जेट बघा, टाकीतून येणारं पेट्रोल पुरतंय का ते बघा. मधल्या टप्प्यात गाडी जड, बोदी वाटत असेल तर सुई आणि तिची नळी झिजली आहे का बघा. पाच-दहा किलोमीटर पळून मग गुदमरत असेल आणि टाकीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' होऊन पुन्हा नीट पळत असेल, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. त्याला कार्बोरेटर काय करणार? आणि मूठ कुठेही असो, चढाला तापल्यावर फटफट करून तुटत असेल तर प्लगची टोपी, प्लगची वायर, कॉइल बघा. कितीतरी 'कार्बोरेटरचे' आजार हे विजेचे निघतात. क्लच घसरत असेल तरी लोक म्हणतात पिकअप नाही. ब्रेक चिकटत असेल तरी तेच. टॅपेट घट्ट झाले असतील तरी तेच.

चोकची परीक्षा त्याहून सोपी. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रण रिच होतं. चोक ओढल्यावर आचका कमी झाला तर गाडी उपाशी होती, म्हणजे लीन. वाढला तर आधीच अजीर्ण झालेलं, म्हणजे रिच. प्लग काढून बघा. चिनी मातीचा भाग पांढराफटक असेल तर लीन, काजळी धरली असेल तर रिच, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर उत्तम.

माझ्या गाडीने सगळी साक्ष दिली होती. लहान उघडझापीत आचका, चोकने बरं वाटणं, रेस सोडल्यावर आवाज रेंगाळणं. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की पहिला संशय घ्यायचा तो कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या सांध्याचा. मूठ बंद असते तेव्हा इंजिन आतून सगळ्यात जोरात ओढ घेत असतं. तेव्हा बारीकशी फट असली तरी तिथून चोरून हवा आत जाते, आणि त्या हवेबरोबर पेट्रोल नसतं. मूठ पूर्ण पिळली की समोरूनच इतकी हवा येते की ती चोरी लक्षातही येत नाही. शिवाय मूठ झटकन पिळली की हवा लगेच धावते आणि पेट्रोल जड असल्याने क्षणभर मागे राहतं. आधीच उपाशी असलेल्या इंजिनाला तो क्षण पेलत नाही. तोच तो 'हुप्प'.

आणि म्हणूनच नव्या कार्बोरेटरने काही झालं नाही. कार्बोरेटर नवा आला, पण त्याच्या आणि हेडच्या मधला काळा इन्सुलेटर आणि त्याची रबरी ओ-रिंग जुनीच राहिली.

ट्रकच्या दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत त्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेलो. आधी राहिलेले शंभर दिले. तो काही बोलला नाही. त्याने कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतो तसली बाटली घेतली, गाडी चालू केली, आणि त्या सांध्यावर बारीक फवारा मारला. इंजिनाचा आवाज बदलला! पुन्हा मारला, पुन्हा बदलला. फट पाण्याने क्षणभर बुजत होती. (काही जण इथे पेट्रोल नाहीतर स्प्रे क्लीनर मारतात. गरम इंजिनवर असलं काही करू नका. पाण्याने काम भागतं.)

खोललं तर ओ-रिंग पापडासारखी चपटी आणि कडक. नखाने तुकडा पडला. नवीन ओ-रिंगची किंमत मी इथे सांगत नाही, कारण तुम्ही हसाल. दोन वडापाव येणार नाहीत तेवढ्यात.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याने नकली नवा कार्बोरेटर काढून जुना मूळचा बसवला, तर आता गाडी उभी असताना काळा वास मारायला लागली. रिच. त्याने पायलट जेट काढून उजेडात धरलं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. ते साफ करायचं तर क्लीनर आणि हवेचा झोत. आधीच्या साफसफाईत कोणीतरी क्लचच्या केबलची तार त्यात घालून फिरवली होती, त्यामुळे पितळेचं भोक मोठं झालं होतं. म्हणजे मी ६५० रुपये देऊन धडधाकट जेट बिघडवून घेतलं होतं! ते बदललं. मग मिक्श्चरचा स्क्रू गाडी तापवून लावला.

त्या स्क्रूबद्दलही एक सांगतो, कारण त्यावरून रोज भांडणं होतात. सगळेच त्याला 'एअर स्क्रू' म्हणतात. पण तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा मोजतो, आत पिळला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा पेट्रोलमिश्रित हवा मोजतो, आणि तिथे बाहेर काढला की रिच होतं. म्हणजे अगदी उलटं. हे न बघता 'दीड आटा बाहेर' असा मंत्र म्हणत फिरणारे मी डोळ्यांनी बघितले आहेत.

सगळं मिळून ३४० रुपये. आचका गेला. गेला म्हणजे पार गेला.

आता मूळ मुद्दा.

मी ४८०, ६५० आणि २२०० असे एकूण ३३३० रुपये चुकीच्या कामाला दिले आणि त्यातल्या एकाही रुपयाबद्दल तोंड उघडलं नाही. भांडलो फक्त बघायच्या दोनशे रुपयांसाठी. म्हणजे जो खरं काम करत होता त्याला मी फुकटा ठरवला, आणि जो अंदाजाने सुटे भाग विकत होता त्याला कारागीर. आपण सगळे हेच करतो. गॅरेजमधून आल्यावर घरी विचारतात, "काय बदललं?" "काय सापडलं?" असं कोणी विचारत नाही. मग मिस्त्री काय करणार? त्यालाही पोट आहे. त्याच्या वीस मिनिटांच्या डोक्याला किंमत नाही आणि डब्यातल्या वस्तूला आहे, हे गिऱ्हाइकानेच त्याला शिकवलंय. मग तो डबाच विकतो. गॅरेजवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्या. पण तो धंदा आपण घडवलाय.

दुसरं पाप ॲव्हरेजचं. "जरा ॲव्हरेजला सेट करून दे" हे वाक्य किती वेळा म्हटलंय आपण? म्हणजे काय करून दे? मिश्रण लीन करून दे. लिटरमागे चार किलोमीटर वाढावेत म्हणून आपणच गाडीला उपाशी ठेवायला सांगतो, आणि मग ती चौकात गुदमरली की म्हणतो जुनी झाली. आमच्या गाडीच्या फटीला हातभार लावायला हेही होतंच.

यावर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे. "आता कार्बोरेटरचा जमाना राहिलाय कुठे?" खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. नवीन पोरं गॅरेजमध्ये स्कॅनर जोडायला शिकतात. उत्तमच आहे. पण स्कॅनर फार तर सांगतो की मिश्रण लीन आहे. का लीन आहे हे सांगत नाही. सांध्याची फट इंजेक्शनच्या गाडीलाही पडते. तिथेही स्क्रीनवर आलेला कोड वाचून सेन्सर बदलणारा असणार आणि आधी रबर चाचपून बघणारा असणार. आणि सेन्सरची किंमत माझ्या कार्बोरेटरइतकी स्वस्त नसते, हे ध्यानात ठेवा. म्हणजे यंत्र बदललं तरी हा रोग तोच राहणार, फक्त बिल मोठं होणार.

आणि जुन्या गाड्या काही उद्या रस्त्यावरून गायब होत नाहीत. दूधवाला, पेपरवाला, शेतावर जाणारा, कामगार, सगळे अजून त्याच चालवतात. त्यात २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. त्याचं राजकारण मला करायचं नाही, पण त्याचं रसायन साधं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, एका भागाला साधारण नऊच. म्हणजे जुन्या पेट्रोलच्या मापाने घातलेल्या जेटमधून हे मिश्रण थोडं लीनच जातं. इंजेक्शनची गाडी ते बऱ्याच अंशी सावरून घेते, कार्बोरेटरला सावरता येत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि ते जास्त झालं की खाली बसतं. पावसाळ्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वाटीत ते सापडतं. आणि त्या काळातलं रबर या पेट्रोलचा विचार करून बनवलेलं नव्हतं. म्हणजे निघताना आचका देणाऱ्या गाड्या वाढणार आहेत. अशा वेळी आपल्याकडे बघणारे मिस्त्री हवेत. पण आपण त्यांचं बघणं फुकट मागतोय. असंच चाललं तर तो पन्नाशीचा माणूस शेड बंद करेल आणि त्याच्याकडचं शिकायला कोणी नसेल.

दाजी, आता तुमच्यासाठी. गाडीचा चेसिस सडला, ब्रेक धरेनासे झाले, इंजिन तेल पिऊन धूर ओकायला लागलं, तर ती मी स्वतः भंगारात नेईन. आबांची आहे म्हणून लेकीला तिच्यावर बसवणार नाही. पण वडापावच्या पैशात जाणाऱ्या दुखण्यासाठी चालती गाडी मोडायची आणि लाखभराचं कर्ज काढायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही. आणि नवी घेतली तरी तिलाही एक दिवस काहीतरी होणारच. त्या दिवशी पुन्हा "बघा जरा" असंच म्हणणार ना आपण?

म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे. गाडी कुरकुर करायला लागली की गॅरेजमध्ये जायच्या आधी दोन दिवस फक्त तिच्याकडे लक्ष द्या. कुठल्या टप्प्यावर करते? गार असताना का तापल्यावर? चोकने बरं वाटतं का वाईट? रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येतो का? अलीकडे काय बदललं, कोणी कुठला स्क्रू फिरवला? कागदावर लिहून न्या. मिस्त्रीने हे प्रश्न स्वतःहून विचारले तर त्याचं गॅरेज सोडू नका. न विचारता सुटा भाग सांगितला तर विचारा, "हाच गेलाय हे कशावरून?" आणि त्याने अर्धा तास घालवून सांगितलं की काही बदलायची गरज नाही, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे हसत द्या. तेच सगळ्यात स्वस्त बिल असतं.

गेल्या रविवारी आबांना मागे बसवून फाट्यावर गेलो. दुभाजकाच्या फटीत थांबलो, डावीकडे बघितलं, रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत थांबलो (सवयच लागलीय आता), आणि मूठ पिळली. गाडी निघाली. पलीकडे गेल्यावर आबांनी विचारलं, "काय सापडलं रे?"

बघा, आमच्या घरात त्यांनाच बरोबर प्रश्न विचारता आला :-)

लेक अजून त्या फाट्यावर शर्ट धरते. ते जायला वेळ लागेल.

असो. बरंच लांबलं. तुमच्या गावात असा बघणारा कोणी मिस्त्री असेल तर त्याच्याकडे गाडी न्या, आणि घासाघीस करू नका.